पार्सरचा आगाऊपणा

दर महिन्याचा अहवाल तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता. कुठल्या महिन्यांचे अहवाल काढायचे हे तो एका यॅमल फाइलमधून वाचायचा (यॅमल म्हणजे सेटिंग्ज, याद्या साध्या मजकुरात लिहायचा एक प्रकार). फाइलीत साधी यादी होती: ०१, ०२, ०३ असं करत १२ पर्यंत. वर्षाअखेरीला सगळे अहवाल एकदम काढायला गेलो तर हातात दहाच पडले. ऑगस्ट नाही, सप्टेंबर नाही. त्या दोन महिन्यांचा डेटा तपासला, तारखा तपासल्या, डिस्कवर जागा उरली आहे का तेही पाहिलं. शेवटी दोष सापडला तो त्या यादीत, जी डोळ्यांना अगदी निर्दोष दिसत होती.

घडलं होतं ते असं. यॅमलच्या जुन्या, म्हणजे १.१ आवृत्तीच्या नियमानुसार शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची धरली जाते. अष्टमानात अंक फक्त ० ते ७. त्यामुळे ०१ ते ०७ हे सगळे अष्टमान म्हणून वाचले गेले आणि योगायोगाने त्यांची किंमत तीच निघाली, १ ते ७. ०८ आणि ०९ अष्टमानात बसत नाहीत, कारण ८ आणि ९ तिथे नाहीतच. ते दशमानातही बसत नाहीत, कारण दशमान संख्येच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. जे कुठेच बसत नाही त्याला मजकूर समजायचं, म्हणून हे दोघे मजकूर झाले. पुढे १०, ११, १२ पुन्हा सरळ संख्या. म्हणजे माझ्या बारा महिन्यांच्या यादीत दहा संख्या होत्या आणि दोन मजकुराचे तुकडे. पुढच्या कोडला संख्या हवी होती. मजकूर समोर आला की तो एक ओळ लॉगमध्ये टाकून पुढच्या महिन्याकडे वळत होता.

फाइल वाचणाऱ्या भागाने, म्हणजे पार्सरने, एकही नियम मोडला नव्हता. चिडचिड होते ती याचीच.

वाचणं वेगळं, समजून घेणं वेगळं

फाइल म्हणजे शेवटी अक्षरांची एक लांबलचक रांग. ती वाचून प्रोग्रॅमच्या हाती नीट मांडलेला डेटा देणारा भाग म्हणजे पार्सर. त्याची दोन कामं असतात आणि आपण ती नेहमी एकच समजतो. पहिलं काम रचना ओळखण्याचं: हे फील्डचं नाव, ही त्याची किंमत, इथे यादी सुरू झाली, इथे संपली. दुसरं काम टाइप ठरवण्याचं: ही किंमत संख्या आहे, तारीख आहे, हो-नाही आहे की नुसता मजकूर.

पहिल्या कामाला लागणारी सगळी माहिती फाइलीतच असते. दुसऱ्याला लागणारी पुष्कळदा नसते. ०२१०८ हे बॉस्टनमधल्या एका भागाचं टपाल संकेतांक आहे की दोन हजार एकशे आठ नग, हे त्या पाच अंकांकडे कितीही रोखून पाहिलं तरी कळणार नाही. ते फक्त त्यालाच माहीत असतं ज्याला त्या आकड्याचं पुढे काहीतरी करायचंय.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे: याची बेरीज कुणी कधी करणार आहे का? दोन फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही. दोन टपाल संकेतांकांची सरासरी काढत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती, खाते क्रमांक, देशाचा संकेत, या सगळ्यांत अंक असले तरी ती नावंच आहेत. त्यांना संख्या बनवलं की पुढची शून्यं गळतात, मागची शून्यं गळतात, आणि गळलेलं शून्य परत मिळवायची सोय नसते.

टाइप कळायचे मार्ग मोजून तीन. एक, लिहिण्याच्या खुणेवरून: जेसन या यॅमलसारख्याच दुसऱ्या प्रकारात कोट्समध्ये, म्हणजे अवतरणचिन्हांत, आहे तो मजकूर, कोट्स नाहीत ती संख्या किंवा ट्रू, फॉल्स, नल यांपैकी एक. टॉमल हा प्रकारही तसाच, तिथे तारखेला स्वतःचा वेगळा टाइपसुद्धा आहे. दोन, बाहेरून सांगितल्यावरून: एक्सएमएल या प्रकारात सगळा मजकूरच असतो आणि कुठल्या फील्डमध्ये काय अपेक्षित आहे ते वेगळ्या स्कीमात लिहिलेलं असतं. तीन, चेहरा पाहून अंदाज. सगळी रड या तिसऱ्या मार्गाची आहे.

चेहरा पाहून

यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण नॉर्वेचं. आयएसओ ३१६६ या प्रमाणानुसार नॉर्वेचा दोन अक्षरी संकेत एन आणि ओ. देशांची यादी यॅमलमध्ये कोट्सशिवाय लिहिली की डेन्मार्क डेन्मार्क राहतो, स्वीडन स्वीडन राहतो आणि नॉर्वेच्या जागी फॉल्स येतं. कारण १.१ आवृत्तीत येस, नो, ऑन, ऑफ हे चारही इंग्रजी शब्द हो-नाही समजले जातात, छोट्या लिपीत लिहा नाहीतर मोठ्या. २००९ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीने हा प्रकार काढून टाकला आणि फक्त ट्रू, फॉल्स ठेवलं. पण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत सर्रास वापरली जाणारी पायवायएमएल ही लायब्ररी (यॅमल वाचून देणारं तयार कोड) अजून १.१ वरच आहे. नियम सुधारून इतकी वर्षं झाली, तरी नॉर्वे अनेक ठिकाणी ‘नाही’च आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण ते जास्त चक्रम आहे. १.१ मध्ये साठमान पद्धतीच्या संख्याही चालतात. तास-मिनिटं लिहायला सोपं जावं हा हेतू. त्यामुळे २२:२२ असं कोट्सशिवाय लिहिलं की बावीस गुणिले साठ अधिक बावीस, म्हणजे १३४२ ही संख्या मिळते. आता सर्व्हरच्या जगात दोन पोर्टची (जोडणीच्या दारांच्या क्रमांकांची) जोडी नेमकी अशीच, मध्ये विसर्गचिन्ह देऊन लिहितात. ८०८०:८० लिहिलं तर काही होत नाही, कारण साठमानात दुसरा भाग ५९ च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून तो मजकूर राहतो. २२:२२ लिहिलं की घात. डॉकर कंपोज या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवायच्या साधनाच्या माहितीपुस्तिकेत म्हणूनच सूचना होती की पोर्टची जोडी कोट्समध्येच लिहा. शंभरदा चालतं आणि एकशे एकाव्यांदा, वेगळा पोर्ट घेतल्यावर, चालत नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याने कुठे शोधायचं?

आवृत्ती क्रमांकांची गंमत तर ठरलेल्या दिवशी झाली. पायथनच्या ३.९ नंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आली. स्वयंचलित चाचण्यांच्या यॅमल फाइलींत लोकांनी तोवर ३.७, ३.८, ३.९ असं कोट्सशिवाय लिहिलेलं होतं. त्याच ओळीत पुढे ३.१० लिहिलं. पार्सरला ती दशांश संख्या दिसली आणि दशांश संख्येत शेवटचं शून्य बिनमहत्त्वाचं, म्हणून प्रोग्रॅमला मिळालं ३.१. ही आवृत्ती २००९ मधली.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण त्यात या साऱ्या दुखण्याचं मूळ दिसतं. गिट हे साधन कोडमधल्या प्रत्येक बदलाला एक लांबलचक ओळख देतं आणि तिची पहिली सात चिन्हं वापरायची रीत आहे. प्रत्येक चिन्ह सोळांपैकी एक: ० ते ९ हे अंक किंवा ए ते एफ ही अक्षरं. बहुतेक वेळा सातांत एखादं तरी अक्षर येतंच, मग ती ओळख बिनबोभाट मजकूर राहते. पण सातही अंकच पडण्याची शक्यता किती? सोळात दहा, असं सात वेळा गुणायचं. उत्तर ३.७ टक्के, म्हणजे साधारण दर २७ बदलांमागे एक. त्या दिवशी पार्सर ओळखीची संख्या करतो, आणि सुरुवातीला शून्य असेल तर तेही खातो.

इथेच संपत नाही. ई हे अक्षर संख्येच्या मध्ये आलं की त्याचा अर्थ ‘गुणिले दहाचा अमुकावा घात’ असा लावतात. सातांपैकी मधल्या पाचपैकी एका जागी ई आणि बाकी सगळे अंक, याची शक्यता १.९ टक्के, म्हणजे साधारण ५४ मध्ये एक. समजा ओळख आली १२ई३४५६. यॅमल १.२ चा पार्सर याला बारा गुणिले दहाचा ३४५६ वा घात समजतो. एवढी मोठी संख्या संगणकाच्या नेहमीच्या दशांश रूपात मावत नाही, म्हणून प्रोग्रॅमच्या हाती पडतं ‘अनंत’. पायवायएमएलला हेच दिलं तर ते मजकूर ठेवेल, कारण १.१ च्या नियमाला त्यात दशांश चिन्हही हवं आणि घाताला अधिक-उणेची खूणही हवी. फाइल एक, पार्सर दोन, उत्तरं दोन.

फील्ड एकच, लिहिणारा तोच, पद्धत तीच. आणि टाइप मात्र त्या दिवशी कुठली चिन्हं पडली त्यावर बदलतोय. माझ्या मते पार्सरच्या रचनेतला हा सर्वांत मोठा दोष आहे. नेहमी चुकणारी गोष्ट पहिल्याच दिवशी सापडते. सत्तावीस वेळांतून एकदा चुकणारी गोष्ट तुम्ही सुट्टीवर असताना चुकते.

जनुकांची नावं बदलावी लागली तेव्हा

हे सगळं प्रोग्रॅमरांचं आपसातलं रडगाणं वाटत असेल तर एक्सेलकडे पाहा. माणसाच्या काही जनुकांची छोटी नावं अशी होती की ती इंग्रजी महिन्यांसारखी दिसत. सेप्टिन गटातल्या दुसऱ्या जनुकाचं नाव ‘सेप्ट२’, दुसऱ्या एका गटातल्या पहिल्याचं ‘मार्च१’. एक्सेलमध्ये ही नावं टाकली की त्यांच्या २ सप्टेंबर आणि १ मार्च अशा तारखा होत. तारीख आत साठवली जाते ती दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात, म्हणून नंतर त्या खान्याला ‘मजकूर’ असं सांगितलं तरी जनुकाचं नाव परत येत नाही. पाच अंकी आकडा समोर येतो.

२००४ मध्येच एका शोधनिबंधाने याकडे बोट दाखवलं होतं. त्यात आणखी एक मासला होता: २३१०००९ई१३ असा एक संकेत, ज्याचं एक्सेल २.३१ गुणिले दहाचा एकोणिसावा घात करून ठेवत असे. वर पाहिलेला तोच ई. २०१६ मध्ये संशोधकांनी शोधनिबंधांसोबत जोडलेल्या एक्सेल फाइली तपासल्या. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी बिघडलेली नावं निघाली. २०२१ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. म्हणजे बोंब मारूनही फरक पडला नव्हता.

शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावंच बदलली. ‘सेप्ट२’ चं ‘सेप्टिन२’ झालं, ‘मार्च१’ मध्ये आकड्याच्या आधी एक जादा अक्षर घातलं. एका स्प्रेडशीटच्या सवयीपुढे जीवशास्त्राने मान तुकवली. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये दिली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.

जेसनही धुतल्या तांदळासारखं नाही

आता कुणी म्हणेल, मग जेसन वापरा, तिथे अंदाज नाहीत. बरचसं खरं आहे. जेसनमध्ये ०८ लिहिलं तर पार्सर सरळ चूक दाखवतो, आणि माझा ऑगस्ट पहिल्या मिनिटालाच सापडला असता. पण जेसनचं प्रमाण संख्या कशी लिहायची ते सांगतं, ती किती मोठी असू शकते ते सांगत नाही. जावास्क्रिप्ट या भाषेत ती दशांश रूपात साठवली जाते आणि त्या रूपात ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच्याच पूर्णांकांची खात्री देता येते. त्याच्या पुढचं ९००७१९९२५४७४०९९३ वाचायला दिलं तर शेवटचा अंक ३ चा २ होऊन येतो. सूचना नाही, तक्रार नाही.

ट्विटरला २०१० च्या सुमारास हेच भोवलं. ट्वीटचे क्रमांक या मर्यादेपलीकडे जाणार होते, म्हणून त्यांनी तोच क्रमांक आणखी एका फील्डमध्ये मजकूर म्हणून द्यायला सुरुवात केली. एकाच पाकिटात एकच क्रमांक दोनदा, एकदा संख्या आणि एकदा मजकूर. दिसायला विचित्र, पण त्यांचा निर्णय बरोबर होता. ट्वीटच्या क्रमांकाची बेरीज कोण करणार आहे?

पण अंदाज करतातच का?

अंदाज करणारे काही मूर्ख नव्हते. माणूस हाताने फाइल लिहितो तेव्हा त्याला प्रत्येक किमतीभोवती खुणा करायचा कंटाळा येतो. ‘पोर्ट ८०८०, लॉग ऑन’ एवढं लिहिलं की समजून घ्यावं ना, असं त्याला वाटतं. शिवाय इंटरनेटच्या सुरुवातीपासून एक संस्कार चालत आलाय. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये टीसीपीच्या, म्हणजे संगणकांनी आपसात डेटा पाठवायच्या नियमांच्या, प्रमाणात लिहून ठेवलं होतं की स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं स्वीकारताना उदार राहा. नेटवर्क जोडलेलं राहावं म्हणून त्या काळी ते शहाणपणाचं होतं. पण उदारपणाची सवय लागली की पाठवणारे निष्काळजी होतात, आणि मग तो निष्काळजीपणाच नियम बनतो. इंटरनेटची प्रमाणं ठरवणाऱ्या मंडळींनीच २०२३ मध्ये या तत्त्वाच्या दुष्परिणामांवर एक दस्तऐवज काढला.

माझं म्हणणं असं: उदारपणा रचनेच्या बाबतीत दाखवायला हरकत नाही. ओळीच्या शेवटी जादा जागा सुटली, शेवटचा स्वल्पविराम राहिला, चालू द्या. किमतीच्या बाबतीत उदारपणा म्हणजे दुसऱ्याच्या पत्रातले शब्द आपल्या मनाने बदलणं.

अंदाज करायचाच असेल तर

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या, फाइलींना टाइप लिहायची जागाच नाही, तिथे कुठेतरी अंदाज येणारच. तेव्हा पार्सर लिहिणाऱ्याने निदान एक परीक्षा घ्यावी. मजकुराची संख्या कर, मग त्या संख्येचा पुन्हा मजकूर कर, आणि मूळ मजकुराशी ताडून पाहा. अक्षर न अक्षर तंतोतंत जुळलं तरच रूपांतर ठेव. वरची उदाहरणं या चाळणीतून घालून बघा. ३.१० चं परत ३.१ येतं, नापास. २२:२२ चं १३४२ येतं, नापास. नॉर्वेचा संकेत ‘फॉल्स’ होऊन परत येतो, नापास. सेप्ट२ नापास, १२ई३४५६ नापास, तो सोळा अंकी क्रमांक नापास. ८०८० पास. इतक्या साध्या परीक्षेने इतका कचरा अडतो, तरी फार थोडे पार्सर ती घेतात.

पण माझ्या महिन्यांच्या यादीवर ती लावली तर काय होईल? ०१ चं १ येतं, नापास, म्हणून मजकूर. ०९ पर्यंत सगळे मजकूर. आणि १० ते १२ पास, म्हणून संख्या. नऊ मजकूर, तीन संख्या. आधी दहाला दोन होतं, आता नवाला तीन. रोग तोच. म्हणजे किंमत एकेकटी तपासून भागत नाही, सबंध रकाना एकत्र पाहायला हवा: एक जरी किंमत नापास झाली तरी अख्खा रकाना मजकूर.

रकाना पाहायचा तर किती पाहायचा, हा पुढचा प्रश्न. मोठी फाइल पूर्ण वाचून मग ठरवणं महाग पडतं, म्हणून साधनं नमुना घेतात. पोलर्स ही लायब्ररी आपणहून पहिल्या १०० ओळी पाहते, आर भाषेतलं रीडआर फाइलभर विखुरलेल्या १०००, डकडीबी २०४८०. पाच हजाराव्या ओळीत पहिल्यांदा एखादा ‘लागू नाही’ आला की पहिली दोन तोंडघशी पडू शकतात. पडली आणि ओरडली तर उत्तम. न ओरडता ती किंमत रिकामी करून पुढे गेली तर वाईट.

रिकाम्या किमतींचा वेगळाच तमाशा आहे. पांडास ही लायब्ररी सीएसव्ही वाचताना ‘एनए’ ही दोन अक्षरं दिसली की ती माहिती उपलब्ध नाही असं समजते. नामिबियाचा देशसंकेत नेमका एन आणि ए. जगातल्या देशांची यादी पांडासमधून काढा आणि मोजा, एक कमी भरेल. नॉर्वेला निदान फॉल्स तरी मिळतं, नामिबिया तर नाहीसाच होतो. आर भाषेतला सीएसव्ही वाचायचा जुना मार्ग टी आणि एफ या एकेरी अक्षरांना ट्रू आणि फॉल्स समजतो. फक्त स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात लिंगाच्या रकान्यात सगळीकडे एफ असतो, म्हणून तो अख्खा रकाना फॉल्स होतो. त्यात एक जरी पुरुष असता तर एम आला असता आणि रकाना वाचला असता. सबंध रकाना पाहूनही हे झालं, हे विसरू नका. अंदाज कितीही हुशार केला तरी तो हाती पडलेल्या डेटावरच बेततो, आणि उद्याचा डेटा वेगळा असतो.

विचारल्याशिवाय सांगू नये

म्हणून माझ्या मते पार्सरने आपलं पहिलं काम करावं आणि दुसरं काम मागणाऱ्यावर सोडावं. किंमत जशी लिहिली तशी, मूळ अक्षरांसकट जपून ठेवावी. प्रोग्रॅमने ‘मला हे फील्ड पूर्णांक म्हणून दे’ असं म्हटलं की त्या क्षणी रूपांतर करून पाहावं. जमलं तर द्यावं, न जमलं तर थांबावं आणि सांगावं: अमुक ओळ, अमुक फील्ड, पूर्णांक हवा होता, सापडलं हे. सापडलेला मूळ मजकूर त्या संदेशात असलाच पाहिजे. ‘टाइप चुकीचा’ एवढंच लिहिणारे संदेश वाचून आयुष्याचे किती तास गेले याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

याची सोय आधीच पुष्कळ ठिकाणी आहे, फक्त ती बाय डिफॉल्ट नाही. पायथनच्या जेसन पार्सरला सांगता येतं की दशांश संख्या डेसिमल या अचूक रूपात दे, मग १.५० चं १.५० राहतं. गो भाषेत संख्या मूळ मजकुराच्या रूपात धरून ठेवायचा पर्याय आहे. पांडासला सगळे रकाने मजकूर म्हणून वाच असं एका शब्दात सांगता येतं. एसक्यूलाइट हा डेटाबेस वर्षानुवर्षं रकान्याचा टाइप फारसा मनावर घेत नसे, पूर्णांकाच्या रकान्यात मजकूर सुखाने बसू द्यायचा. २०२१ मध्ये त्यातही कडक तक्त्यांचा पर्याय आला.

मागितल्यावर केलेल्या रूपांतरातही कडकपणा किती, हे ठरवावं लागतं. पायडँटिक या लायब्ररीची जुनी आवृत्ती पूर्णांकाच्या फील्डमध्ये ३.५ आलं की गुपचूप ३ करायची. २०२३ मधली दुसरी आवृत्ती ३.० आलं तर ३ करते, ३.५ आलं तर नाकारते. मला ही रेघ पटते: काही गमवावं लागत नसेल तर रूपांतर कर, गमवावं लागत असेल तर विचार.

आणि एक गोष्ट, जी पार्सरपेक्षा फाइल लिहून देणाऱ्या प्रोग्रॅमला लागू आहे. वाचणारा अंदाज करत असेल तर लिहिणाऱ्याला त्याचे सगळे अंदाज पाठ असावे लागतात. १.२ प्रमाणे लिहिणाऱ्याला ‘नो’ हा निव्वळ मजकूर, म्हणून तो कोट्स घालत नाही. तीच फाइल १.१ चा पार्सर वाचतो आणि फॉल्स देतो. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर. यॅमल लिहून देणारं काहीही तुम्ही करत असाल तर मजकुराला कोट्स घालाच, गरज नसली तरी.

जाता जाता आपल्या लिपीचंही सांगतो. या लेखात आकडे देवनागरी आहेत. पायथनला १२३ हे असेच देवनागरीत देऊन पूर्णांक करायला सांगितलं तर तो निमूटपणे करून देतो. जावास्क्रिप्टला दिलं तर ‘ही संख्या नाही’ असं उत्तर येतं. पायवायएमएल चेहरा पाहते ती फक्त इंग्रजी अंकांचा, म्हणून तिच्या लेखी देवनागरी अंक मजकूरच. माझी महिन्यांची यादी मी देवनागरीत लिहिली असती तर बाराच्या बारा मजकूर म्हणून आले असते आणि एकही अहवाल निघाला नसता. ते बरंच झालं असतं.

मी मात्र दुसराच उपाय केला. पायवायएमएलमध्ये एक असा लोडर आहे जो कसलाही अंदाज करत नाही, सगळं मजकूर म्हणून देतो. तो लावला, महिन्यांसाठी कोडमध्ये स्वतः संख्या करून घेतली, बारा अहवाल निघाले. खूश होऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलच्या अख्ख्या यादीला अहवालाचा मेल गेलेला होता. त्याच फाइलीत खाली एक ओळ होती: मेल पाठवायचा का, नो. आधी पार्सर त्याचं फॉल्स करून देत होता. आता तो दोन अक्षरांचा मजकूर होता, आणि पायथनमध्ये रिकामा नसलेला कुठलाही मजकूर ‘हो’ धरला जातो.

त्या ओळीसाठी आता एक चार ओळींचं फंक्शन आहे. येस आलं तर हो, नो आलं तर नाही, तिसरं काहीही आलं तर प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो आणि काय आलं ते छापतो.